मावळ : वाटेवरचा मुलूख



पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. एका नदीच्या दोन्ही काठांची अरुंद पट्टी, एवढाच त्याचा विस्तार. त्या नदीच्या वाटेने परक्यांची जहाजे आली, माणसांचा व्यापार झाला, इंग्रजांचा अंमल बसला, आणि १९६५ साली तो देश स्वतंत्र झाला. त्याची हकीकत वाचीत असता मला आपले मावळ आठवले. मावळ हे काही राष्ट्र नव्हे. परंतु भूगोलाने दिलेली वाट एखाद्या लहानशा मुलखाचा इतिहास कसा घडविते, हे पाहावयास आफ्रिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही.

आपल्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा तुटून खाली कोकण लागते. पूर्वेस इंद्रायणी आणि पवना यांची खोरी उतरत जातात. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. या कड्यात बोरघाटाची खिंड आहे. बंदरावरचा माल देशावर न्यावयाचा तर याच वाटेने, म्हणून वाटेच्या कडेला कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी झाली. कार्ल्याच्या एका शिलालेखात ‘मामाल’ असे नाव येते. तेच आपले मावळ, असे अभ्यासक मानतात. तेथेच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने लेण्याचे मुख घडविल्याची नोंद कोरलेली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराचे नाव, बापाच्या नावासकट, दगडावर राहिले, हे ध्यानात ठेवावे.

पुढे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले या वाटांवर पहारा करीत उभे राहिले. शिवरायांच्या मावळ्यांची कीर्ती मी येथे सांगावी असे नाही. १७७९ च्या जानेवारीत घाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला वडगावी मराठ्यांपुढे हार खाऊन तह करावा लागला. परंतु १८१८ साली राज्य गेले, आणि १८३० साली त्याच इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला.

मग आली आगगाडी. घाटातील काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांची चढण आणि पंचवीस बोगदे! १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांवर माणसे येथे खपत होती. सुरुंग, दरड, पटकी, सर्व त्यांच्याच वाट्याला. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या तक्रारीवरून हे मजूर खवळून उठले; त्या दंग्यात एक गोरा मेला. मार्चमध्ये मूळ कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे करविले. या बाईचे धैर्य खरेच मोठे. इंजिनियर बर्कले यांचे नावही इतिहासात आहे. बेचाळीस हजारांपैकी मात्र एकाचेही नाव पुस्तकांत आढळत नाही. ज्याचा जन्म कामगारांचे हजेरीपट तपासण्यात गेला, त्याला ही गोष्ट खुपल्यावाचून राहात नाही.

वाटेमागून पाण्याची पाळी आली. पूर्वेस वाहून जाणारे पाणी टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवटा येथील तलावांत अडविले आणि कड्यावरून खाली सोडून १९१५ साली खोपोलीस वीज केली. मुंबईच्या गिरण्या तीवर चालल्या. गिरणगावाच्या हजारो घरांना तिने अन्न दिले, हे मी नाकारणार नाही. पण शेजारच्या मुळशी पेट्यात धरण निघाले तेव्हा शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. गिरणीतला मजूर आणि बुडीत गावचा शेतकरी हे पुष्कळदा एकाच जातकुळीचे. एकाची रोटी दुसऱ्याच्या भातखाचरावरून आली. १९७२ साली पवना धरण पुरे झाले, आणि त्या नदीचे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेस विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ गोळीबार होऊन तिघे मेले. प्रश्न जुनाच होता : वाट आमची, पाणी आमचे, मग हिशेबात आम्ही कोठे?

आज द्रुतगती मार्गावरून माणसे काही मिनिटांत मावळ ओलांडतात. त्यांना थांबवा, असे माझे म्हणणे नाही. माझी विनंती आपणास आहे. आपल्या घरात कोणाचा पणजा घाटात राबला असेल, कोणाचे गाव पाण्याखाली गेले असेल. त्या माणसाचे नाव, गावाचे नाव, जमिनीचा मोबदला काय मिळाला, हे सारे म्हातारी माणसे आहेत तोवर वहीत उतरून घ्या आणि ती वही गावच्या वाचनालयात ठेवा. सामी सुताराला जे मिळाले, तेवढे तरी आपल्या माणसांना मिळावे.