एन्झाइमचा आकार कळल्यामुळे ब्लड कॅन्सरवरचं औषध कसं सापडलं?

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्या पेशींमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी हे दाखवलं. या अदलाबदलीत दोन जनुकं जोडली जातात आणि बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं.

यातलं एबीएल हे एन्झाइम आहे. एटीपीमधला फॉस्फेट काढून तो दुसऱ्या प्रथिनाला चिकटवायचा, एवढंच त्याचं काम. पण पेशीसाठी हा वाढीचा निरोप असतो. निरोगी पेशीत एबीएल गरजेपुरतंच चालू होतं. बीसीआर-एबीएल मात्र बंदच होत नाही.

असं का होतं? प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडले, की किरण कसे विखुरतात यावरून त्यातल्या अणूंच्या जागा काढता येतात. 2003 मध्ये एबीएलची अशी रचना प्रसिद्ध झाली. त्याच्या एका टोकाला मिरिस्टेट या मेदाम्लाची शेपटी असते. ती वळून एन्झाइमच्याच एका खोबणीत बसते आणि त्याला बंद अवस्थेत धरून ठेवते. जनुकं जोडली जाताना नेमका हा शेपटीचा भागच गळून पडतो.

सीएमएलवरचं इमॅटिनिब त्याआधीच, 2001 मध्ये, अमेरिकेत मंजूर झालं होतं. भारतात अनेकांनी हे नाव ऐकलं ते 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या पेटंट निकालामुळे. त्या चर्चेत औषधामागचं विज्ञान मागेच राहिलं. इमॅटिनिब एटीपीची जागा अडवतं, पण एबीएल बंद आकारात असतानाच. शरीरात अशी पाचशेहून जास्त एन्झाइम्स आहेत. चालू असताना ती बरीचशी सारखी दिसतात, बंद असताना वेगवेगळी. त्यामुळे हे औषध इतरांना फारसं छेडत नाही.

काही रुग्णांमध्ये मात्र ते निकामी ठरतं. प्रथिनाच्या साखळीत 315 व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल येतं. तेवढ्यानेही औषधाला आत शिरायला जागा उरत नाही.

इथे ती रिकामी खोबणी कामाला आली. 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं अ‍ॅसिमिनिब एटीपीच्या जागेकडे जातच नाही. ते हरवलेल्या शेपटीच्या खोबणीत बसतं आणि एन्झाइम बंद करतं. 315 व्या जागी बदल झालेल्या रुग्णांनाही ते देता येतं, फक्त डोस बराच मोठा लागतो: एरवी दिवसाला 80 मिलिग्रॅम, तर या रुग्णांना 400.