हृदयाचा रक्तपुरवठा कमी झाल्यावर फ्री रॅडिकल्स का वाढतात?

"डॉक्टर, बंद धमनी उघडल्यावरही हृदयाला इजा होते असं वाचलं. मग अँजिओप्लास्टी करायची का?" नातेवाईकांच्या या प्रश्नातली माहिती खरी आहे, पण त्यातून निघणारी शंका धोक्याची आहे.

फ्री रॅडिकल्स म्हणजे काय?
हे बहुतांशी ऑक्सिजनपासून बनणारे, अतिशय क्रियाशील कण असतात. पेशीतील मायटोकॉन्ड्रियामध्ये ऊर्जा तयार होताना ते थोड्या प्रमाणात बनतच असतात. निरोगी पेशीतील एन्झाइम्स त्यांना निष्प्रभ करतात.

रक्त कमी पडल्यावर काय होते?
ऑक्सिजनअभावी ऊर्जानिर्मिती मंदावते. पेशीत आम्ल आणि सक्सिनेटसारखे पदार्थ साचतात, कॅल्शियमचे संतुलन बिघडते. बचाव करणारी एन्झाइम्सही दुबळी होतात. उरल्यासुरल्या ऑक्सिजनपासून काही फ्री रॅडिकल्स याच वेळी बनू लागतात.

रक्त परत आल्यावर
साचलेले सक्सिनेट ऑक्सिजन मिळताच झपाट्याने वापरले जाते आणि पहिल्या काही मिनिटांतच फ्री रॅडिकल्सचा लोंढा तयार होतो. त्यामुळे पेशींच्या आवरणाला इजा होते, काही पेशी मरतात, ठोके अनियमित होऊ शकतात. याला रिपरफ्युजन इन्ज्युरी म्हणतात.

मग धमनी उघडावी का?
हो, आणि शक्य तितक्या लवकर. धमनी पूर्ण बंद राहिली तर साधारण २० ते ३० मिनिटांनंतर स्नायूपेशी कायमच्या मरू लागतात. रक्त परतल्याने होणाऱ्या इजेपेक्षा त्यामुळे वाचणारा स्नायू कितीतरी जास्त असतो. उशीर जितका जास्त, तितके नुकसान मोठे.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा उपयोग होतो का?
ब्रिटनमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार किंवा मधुमेह असलेल्या २०,५३६ व्यक्तींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षे जीवनसत्त्व ई, सी आणि बीटा कॅरोटीन घेऊनही हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. अशा गोळ्यांसाठी नेहमीची औषधे बंद करू नका.

तुम्ही काय कराल?
छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे अचानक आली तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून थांबू नका. मधुमेहींमध्ये आणि ज्येष्ठांमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. स्वतः गाडी चालवू नका. १०८ वर फोन करा आणि ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठा.