लॅमिंग्टन रोड : किर्द, घड्याळ आणि कामाचा दिवस

लॅमिंग्टन रोड झाला त्याआधीपासूनच हुबळी हे व्यापाऱ्यांचे गाव होते. कापूस, धान्य आणि कापडाच्या या पेठेत कामाचा दिवस रोजकिर्दीने बांधलेला असे. सकाळी पानाच्या सुरुवातीला कालची शिल्लक लिहायची, दिवसभर आलेली रक्कम जमेकडे आणि गेलेली खर्चाकडे टाकायची, दिवेलागणीनंतर पेटीतली रोकड मोजून शिल्लक ताडून पाहायची. मेळ बसल्याशिवाय दुकानाचा दिवस संपत नसे. किर्दीतल्या नोंदी पुढे खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढत आणि प्रत्येक नोंदीपुढे किर्दीच्या पानाचा आकडा पडे. त्या एका आकड्यामुळे वर्षापूर्वीचा व्यवहारही चटकन सापडे. कामाची आखणी, स्मरण आणि तपासणी या तिन्ही गोष्टी एकाच वहीत होत. इतक्या कमी साधनांत इतके काम करणारी पद्धत त्यानंतर क्वचितच झाली.

मराठीतल्या अशा लिखाणाची लिपी मोडी होती. आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे लिहीत जायची, अशी तिची चाल. वेगाने लिहिणाऱ्या कारकुनासाठी ती फार सोयीची होती. पेशवाईत, आणि कंपनी सरकार आल्यावरही सुरुवातीची काही वर्षे, धारवाड भागातले बरेचसे सरकारी दप्तर मोडीतच लिहिले जाई. कागद लांबट, तऱ्हेतऱ्हेच्या घड्यांचे. ते विषयवार व वर्षवार कापडी रुमालांत बांधून ठेवत. पुण्याचे पेशवे दप्तर अशाच हजारो रुमालांचे आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद १९३०च्या दशकात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून व कचेरीतून गेली. ज्या घरांत जुने रुमाल जपले गेले, तिथेही ते वाचू शकणारे डोळे फारसे उरले नाहीत. हे नुकसान मोठे आहे, कारण कागद शाबूत असून त्यांतला मजकूर वारसांना बंद झाला.

वहीने बांधलेल्या दिवसाला घड्याळाची शिस्त लावली ती रेल्वेने. १८७६–७८च्या भीषण दुष्काळात या मुलखात धान्य पोचवणे अवघड गेले, त्यानंतर १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. तिचे मुख्य ठाणे धारवाडला होते आणि हुबळीत तिचा मोठा कारखाना निघाला. दुकानदाराचा दिवस गिऱ्हाइकावर अवलंबून असे. रेल्वे कामगाराचा दिवस मिनिटांवर मोजला जाऊ लागला, आणि ती मिनिटे त्याच्या गावची नव्हती. १८७०पासून देशातल्या गाड्या मद्रास वेळेवर धावत. ती वेळ हुबळीच्या सूर्यापेक्षा सुमारे २० मिनिटे पुढे होती.

रस्त्याला ज्याचे नाव आहे तो लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. हुबळी तेव्हा त्याच इलाख्यात मोडत असे. मुंबईतल्या प्रसिद्ध लॅमिंग्टन रोडलाही त्याचेच नाव होते. तो आता डॉ. भडकमकर मार्ग आहे आणि संगणकाच्या सुट्या भागांची पेठ म्हणून ओळखला जातो. लॅमिंग्टनच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९०६ रोजी, भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईत तिला कडवा विरोध झाला. घड्याळ सुमारे ३९ मिनिटे पुढे जाणार म्हणून गिरणी कामगार संतापले, आणि महानगरपालिकेने जुनी मुंबई वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. हुबळीचा फरक सुमारे अर्ध्या तासाचा. तिथे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा प्रमाणवेळेच्या घड्याळात साडेबाराच्या आसपास वाजलेले असतात.

सूर्योदयापासून चोवीस-चोवीस मिनिटांच्या घटिका मोजणारे पंचांग मात्र हटले नाही. उलट त्याचे मुहूर्त घड्याळाच्या भाषेत आले, आणि लग्नपत्रिकेवर ‘१२ वाजून ३५ मिनिटांनी’ असे छापले जाऊ लागले. धार्मिक वेळ आणि कारखान्याची वेळ यांची सांगड कुणा अधिकाऱ्याने घातली नाही, ती घराघरांत घातली गेली.

कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा उशिरा आली. १९२२ मध्ये कारखान्यातल्या प्रौढांसाठी आठवड्याला ६० तास ठरले, पुढे १९४६च्या दुरुस्तीने ते ४८ वर आले. मनगटावरचे घड्याळ सामान्य कामगाराच्या आवाक्यात आले ते त्याहूनही उशिरा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. रोज चावी द्यावी लागणारे ‘जनता’ हे त्यांतले फार लोकप्रिय घड्याळ. तोवर १९५६च्या राज्य पुनर्रचनेने हुबळी म्हैसूर राज्यात गेली होती.

घरकामाची आखणी पुरुषी कचेरीच्या इतिहासात सहसा दिसत नाही. तिचे सर्वांत उपयोगी साधन १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी काढले. ‘कालनिर्णय’ भिंतीवर आले आणि तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, कामवाल्या बाईची सुट्टी यांची नोंद होऊ लागली. तिथी आणि तारीख एकाच चौकोनात असल्याने एकादशी आणि पगाराचा दिवस शेजारी आले. त्याची कन्नड आवृत्तीही निघते. सीमाभागातल्या मराठी-कन्नड शेजाराला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुकानातली किर्द संगणकावर नेण्याचे काम मुख्यतः टॅलीने केले. १९८६ मध्ये बंगळूरला श्यामसुंदर आणि भरत गोएंका या पितापुत्रांनी ही कंपनी सुरू केली. टॅलीत व्यवहार एकदाच नोंदवायचा. किर्द, खतावणी आणि ताळेबंद आपोआप तयार होतात. खतावणी चढवण्याचे मुनीमजींचे रात्रीचे काम त्यामुळे संपले. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पेटीत मोजायची रोकड कमी झाली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, आणि दर महिन्याला विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या कॅलेंडरवर ११ आणि २० या तारखा पक्क्या झाल्या. पहिली विक्रीच्या विवरणाची, दुसरी कर भरण्याची. त्या सांभाळण्यासाठी लहान दुकानांचा हिशेब गल्ल्याशेजारून उठून करसल्लागाराच्या कार्यालयात गेला. आपल्या दिवसाचा जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहून वाचणारा दुकानदार त्यामुळे कमी झाला.