विमानाच्या पंखांवरील बर्फ
पंखांवर साचलेला बर्फाचा खरखरीत, पातळ थरही हवेचा प्रवाह बिघडवतो आणि विमानाला मिळणारी उचल घटवतो. म्हणून उड्डाणापूर्वी ग्लायकॉल व पाणी यांचे गरम मिश्रण फवारून बर्फ काढतात. त्यावर दाट द्रावाचा संरक्षक थर देतात. हिमवृष्टी वाढली की या संरक्षणाची मुदत घटते.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ वर फवारणी झाली होती. पण नंतर सुमारे ४९ मिनिटे ते हिमवृष्टीत ताटकळले. वैमानिकांनी इंजिनांची बर्फरोधक यंत्रणाही सुरू केली नव्हती! पुलाला धडकून विमान पोटोमॅक नदीत कोसळले. पुलावरील ४ जणांसह ७८ जण दगावले. आता मुदत उलटल्यास पंख पुन्हा तपासावे लागतात किंवा विमान फवारणीसाठी परत न्यावे लागते, मग प्रवासी कितीही कुरकुरले तरी.