नाशिकच्या बागा आणि आपली वनभोजने

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा आग्रह चिटणीसबाईंनी केला आणि विषयही त्यांनीच सुचविला: ‘आपल्या सहली’. प्रथम वाटले, सहलीवर काय लिहावयाचे? डबे भरले, गाडीत बसलो, हिंडलो, परत आलो. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर एकेक बाग आठवू लागली आणि ध्यानात आले की, आपल्या नाशिकच्या बायका घराबाहेर कशा पडल्या याचाच हा इतिहास आहे. म्हणून तो जमेल तसा सांगते. चुकले-माकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आपले गाव मुळातच झाडांचे. पंचवटी या नावातच पाच वडांची सावली आहे. पलीकडे तपोवन. मोगल अमदानीत या गावाला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, असे नाव मिळाले होते. पेशवाईत जुने नाव पुन्हा रूढ झाले. गोदावरीचे पाणी आणि काळी जमीन असल्यावर मळे पिकणारच. गावाला भाजी, फुले, पेरू, द्राक्षे पुरविणारे हे मळे वेशीबाहेरच असत आणि सुटीच्या दिवशी लोक तिकडे पायीच जात.

परंतु हे ‘लोक’ म्हणजे कोण? बहुतेक पुरुष आणि मुले. चांगल्या घरच्या बाईने कारणावाचून मळ्यात हिंडावयाचे नाही, असा दंडक होता. कारण हवे, आणि ते देवाधर्माचेच हवे.

गंगापूर रस्त्याने आपण पुष्कळदा जातो. त्या वाटेवर पेशवे घराण्यातील दोन स्त्रियांनी आयुष्याचा अखेरचा काळ काढला. पहिली गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची पत्नी. १७६१ साली पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव गेला आणि त्याच वर्षी पतीही गेले. पुढे राज्यकारभारावरून माधवरावांशी न पटून ती पुणे सोडून इकडे आली व गंगापुरास राहिली. १७७२ साली माधवराव वारले. १७७३ साली धाकट्या नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यानंतरही ती पंधरा वर्षे जगली आणि नातवाला, सवाई माधवरावाला, पेशव्याने कसे वागावे याचा उपदेश पत्राने करीत राहिली. १७८८ साली ती वारली.

दुसरी आनंदीबाई, राघोबादादांची पत्नी. ‘ध’चा ‘मा’ तिनेच केला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकली. ती खरी किती आणि रचलेली किती, हा वाद इतिहासकारांचा. पण जिच्यावरून आनंदवल्ली हे नाव पडले ती हीच बाई, आणि तिचे अखेरचे दिवसही तेथेच नजरकैदेसारखे गेले. १७९४ साली तिचा अंत झाला. आनंदवल्ली ते गंगापूर हे अंतर आज गाडीने काही मिनिटांचे. एकीचा मुलगा मारला गेला, दुसरीवर त्याचा आळ आला, आणि दोघींच्या नशिबी तीच नदी व तेच मळे आले. आपण आज ज्या वाटेने हौसेने जातो, तिकडे त्या दोघी हौसेने आल्या नव्हत्या, एवढे मनात असू द्यावे.

सामान्य घरच्या बायकांना मळ्याची वाट उघडली ती आवळीभोजनाने. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत आवळीच्या झाडाखाली जेवणे पुण्याचे मानतात. झाडाची पूजा करावयाची, त्याच्या सावलीत स्वयंपाक करावयाचा, आणि मग पंगत. शास्त्रकारांनी हे कोणत्या हेतूने सांगितले असेल ते असो. आमच्या आयाबायांनी त्याचा अर्थ नेमका लावला. वर्षातून एक दिवस चूल घराबाहेर न्यावयाची, कोणी नाही म्हणू शकत नाही! वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची मिळून टांग्यांतून पातेली, तांदूळ, वांगी, लाकडे निघत. सोमेश्वराकडे किंवा तपोवनाकडे एखादी आवळी हेरून ठेवलेली असे. मसालेभात, भरली वांगी, कढी आणि एखादे गोड, असा बेत असे. थंडी सरत आली की निफाडकडच्या सोयऱ्यांचे हरभऱ्याचा हुळा भाजून खाण्याचे बोलावणे येई.

या भोजनात एक गोष्ट घडत असे, ती मला मोठेपणी कळली. माझी आजी लाल अलवणातली होती. घरी ती एक वेळ जेवी, तेही सर्वांचे झाल्यावर, माजघराच्या कोपऱ्यात. कार्याच्या दिवशी तर ती दिसूच नये अशी व्यवस्था असे. आवळीखाली मात्र तिला लपविणार कोठे? बागेला माजघर नसते. आजीचे पान अंमळ बाजूला मांडलेले असे खरे, पण ती सर्वांना दिसे आणि सर्व तिला दिसत. त्या दिवशी ती मोठ्याने हसे. घरी ती हसलेली मला आठवत नाही.

आता द्राक्षांकडे वळते. नाशिकला द्राक्षे अलीकडची नव्हेत. जुन्या पद्धतीत वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवीत. आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ मात्र १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केलेल्या लागवडीपासून सांगतात. तेव्हाचे मुख्य वाण भोकरी. बिया असलेले. आजच्या मुलांना बियांचे द्राक्ष दिले तर ती तोंड वाकडे करतील. आम्ही बिया मोजत असू. ज्याच्या बिया अधिक त्याच्यावर राज्य!

१९५६ सालची गोष्ट. मी दहा वर्षांची होते. वडिलांच्या ओळखीच्या एका बागाईतदारांनी शिमग्याच्या सुमारास सहकुटुंब बोलाविले. एस.टी.ने जाऊन पुढे बैलगाडीने गेलो. आजीही आली, कारण फळांना सोवळ्या-ओवळ्याची अडचण नव्हती. बागेत शिरताच डोळे निवले. वर पानांचे छत, खाली गारवा, आणि डोक्याला लागतील असे घड. बागाईतदारांच्या पत्नीने आजीच्या हाती कात्री दिली आणि म्हणाल्या, “आई, तुम्हांला रुचेल तो घड तोडा.”

आजी गप्प उभी राहिली. तिने जन्मभर द्राक्षे दारावर शेराने घेतली होती. (किलोचा व्यवहार १९५८ नंतरचा.) ‘रुचेल तो’ असे तिला आजवर कोणी म्हटले नसावे. तिने बराच वेळ घड न्याहाळले, एक धरून पाहिला, सोडला, दुसरा धरला, आणि हलक्या हाताने देठ कापला. रामाचे नाव घेतले आणि तेथेच, उभ्याने, पहिला मणी तोंडात टाकला. वडिलांनी तोंड फिरविले. ते रागाने की दुसऱ्या कशाने, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

तेथे एक बाई काम करीत होती. वेलाच्या खुंटाला झोळी बांधून तिने तान्हे निजविले होते आणि ती पडलेली पाने वेचीत होती. आजीने आणखी एक घड तोडून तिच्यापुढे धरला. बाईने आधी मुकादमाकडे पाहिले, मग घड पदराखाली घेतला आणि हळूच म्हणाली, “आम्ही तोडला तं चोरी व्हती, आई. तुम्ही तोडला तं पाहुनचार.”

परतताना आजी वाटभर बोलली नाही. घरी आल्यावर आईला एवढेच म्हणाली, “तिचं नाव विचारायचं राहिलं गं.”

पुढे दिवस पालटले. १९६५ साली गंगापूरचे धरण पुरे झाले आणि धरण पाहावयास जाणे ही नवी सहल झाली. तिला देवाचे निमित्त लागत नव्हते. आपल्यासारखी महिला मंडळे निघाली आणि वर्षातून एक सहल ठरून गेली. पुरुष बरोबर नसता एस.टी.त बसण्याचा धीर पुष्कळजणींना या सहलींनीच दिला. “मंडळाची सहल आहे” हे वाक्य सासूबाईंपुढे जवळजवळ आवळीभोजनाइतकेच चाले!

बागाही पालटल्या. भोकरी मागे पडली. बिनबियांचे थॉम्पसन सीडलेस आले. आता वेल मांडवावर किंवा तारांवर चढतात. वर्षात दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळांची छाटणी. मणी धरले की दाटी मोडण्यासाठी विरळणी करावयाची, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवावयाचे, मग तोडणी, निवड आणि पेट्या भरणे. १९९१ साली महाग्रेप्स ही सहकारी निर्यात-संस्था निघाली आणि आपली द्राक्षे परदेशी जाऊ लागली. तिकडचे लोक फवारणीच्या औषधाचा अंशही मोजून पाहतात, म्हणून बागेत कोणालाही मोकळे सोडता येईना. पूर्वी सोयऱ्यांना उघडी असलेली फाटके हळूहळू लागली. यात बागाईतदारांचा दोष मानू नये. एका अवकाळी पावसात वर्षाचे कष्ट वाहून जातात, तेथे कोणी किती धोका पत्करावा?

फाटके पुन्हा उघडली ती निराळ्या रीतीने. विलायतेत गिऱ्हाइकाने टोपली घेऊन शेतात जावयाचे, फळ स्वतः तोडावयाचे, तोलून पैसे द्यावयाचे, अशी पद्धत आहे. आपल्याकडेही कृषिपर्यटन आले. २०२० साली राज्य सरकारने त्याचे धोरणच ठरविले. १९९९ साली गंगापूर धरणाजवळ सुला ही वाइनची कंपनी निघाली आणि परगावचे लोक द्राक्षमळे पाहावयास तिकडे येऊ लागले. गंगापूर रस्त्याच्या कडेने रोपवाटिका आहेत. रविवारी कुटुंबे तेथे जातात, मुले कुंड्यांमधून धावतात आणि गुलाबाचे रोप मांडीवर घेऊन परततात. आमच्या वेळी फुलझाड विकत घेणे उधळेपणाचे वाटे. कोणाकडून तरी फांदी मागून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावयाची. रोपाबरोबर मैत्रीही लागे. तरीही मला रोपवाटिका आवडतात. तेथे बाई एकटी जाऊन तासभर हिंडली तरी तिला कोणी कारण विचारीत नाही. आजीला हे सांगितले असते तर तिचा विश्वास बसला नसता.

दोन वर्षांपूर्वी नातीबरोबर अशाच एका द्राक्षबागेत गेले. तिकीट काढले, टोपली व कात्री मिळाली, नातीने छायाचित्रे काढली. पलीकडच्या ओळीत आठ-दहा बायका पेट्या भरीत होत्या. डोक्याला रुमाल, उन्हाने रापलेले चेहरे. त्यांतल्या पुष्कळजणी सुरगाणा, पेठकडून हंगामापुरत्या आलेल्या. नाशिकचे द्राक्ष आज जगभर जाते ते ज्या हातांनी जाते, ते हे हात. विरळणी म्हणजे दिवसभर मान वर करून एकेक मणी कातरणे. ज्या गोष्टीसाठी आपण तिकीट काढून तासभर जातो, तेथे त्या पहाटेपासून असतात.

मला माझीच लाज वाटली, कारण पासष्ट-सत्तर वर्षांत मी कितीदा बागेत गेले, आणि एकीचेही नाव विचारले नाही. आजीला निदान विचारायचे राहिल्याची चुटपुट होती. त्या दिवशी जाऊन विचारले. एकजण चौथीपर्यंत शिकलेली, तिची मुलगी आश्रमशाळेत दहावीला. तिला मी म्हटले, “तुम्ही द्राक्षं खाता की नाही?” ती हसली आणि म्हणाली, “पडलेले मणी खातो ना, आजी.”

भगिनींनो, आवळीच्या पंगतीत माझी आजी बसली ही आमच्या घरची मोठी गोष्ट, असे मी आयुष्यभर मानीत आले, आणि ती आहेही. पण त्याच पंगतीला पत्रावळी आणून देणारी, पाणी भरणारी, मळ्यात राबणारी बाई कधी बसली नव्हती, हेही तितकेच खरे. भिंती नव्हत्या, तरी एक माजघर तेथेही होतेच. आम्ही ते पाहिले नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. यंदाची आपली सहल द्राक्षाच्या बागेत काढावी. बागाईतदारांना आधी विचारून, दुपारच्या सुटीची वेळ साधून, तेथे काम करणाऱ्या बायकांसह एकच पंगत करावी. स्वयंपाक आपण न्यावा. मसालेभात आणि भरली वांगी करण्याचे मी पत्करते. या वयातही चाळीस माणसांचा अंदाज चुकत नाही. द्राक्षे विकत घेऊन पहिला घड त्यांना द्यावा, आणि परतण्यापूर्वी प्रत्येकीचे नाव विचारून मंडळाच्या वहीत लिहून घ्यावे. पुढल्या स्मरणिकेत ती नावे त्यांच्या संमतीने छापता आली, तर हा इतिहास माझ्याहून चांगला लिहिला गेला असे होईल.

मंडळाचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो, ही रामरायाचरणी प्रार्थना करून येथेच थांबते.