बालगंधर्व आणि अर्ध्या अंशाचा चेहरा

आधी एक छोटं गणित करू. तुम्ही नाट्यगृहात रंगमंचापासून २० मीटरवर बसला आहात. नटाचा चेहरा २० सेंटीमीटर उंच धरला, तर तो डोळ्याशी जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा. आता तितक्याच अंतरावरच्या पडद्यावर ३ मीटर उंच क्लोजअप बघा. कोन साडेआठ अंश. चेहरा जवळपास १५ पट मोठा!

एम.एस्सी.ला फिजिक्स होतं, त्यामुळे ही सवय. सध्या पीएच.डी.साठी नाटकातून सिनेमात गेलेल्या नटांवर काम करतेय, आणि हे गणित बालगंधर्वांपाशी कामी आलं.

नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११ ला 'मानापमान'मधली भामिनी, १९१३ ला स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, १९१६ ला 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९ ला 'एकच प्याला'मधली सिंधू. या स्त्रीभूमिकांचा आभास त्या अर्ध्या अंशावर उभा होता. अंतर, दिवे, शालू आणि गाणं. उरलेलं प्रेक्षक मनानं भरायचे.

मग बोलपट आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या दुर्गा खोटे. इकडे गंधर्व मंडळी कर्जात बुडालेली. १९३५ मध्ये, सत्तेचाळिशीत, बालगंधर्व प्रभातच्या चित्रपटात उभे राहिले ते पुरुषवेशात, संत एकनाथ म्हणून. दिग्दर्शक व्ही. शांताराम. लोकांना आपली भामिनी हवी होती. प्रभातशी भागीदारी या एकाच चित्रपटावर संपली. १९३७ ला 'साध्वी मीराबाई'त त्यांनी पुन्हा स्त्रीवेश घेतला, पण कॅमेऱ्यापुढे तो टिकला नाही. ते रंगभूमीवर परतले.

म्हणून एकनाथाची भूमिका 'अपयश' म्हणून नोंदली जाते. मला ते पटत नाही.

चित्रपटाचं नाव होतं 'महात्मा'. सेन्सॉरनं गांधीजींची आठवण होते म्हणून ते अडवलं, आणि तो 'धर्मात्मा' झाला. त्यात एकनाथ अस्पृश्यांच्या घरी जेवायला जातात. आता आपल्या सेलूकडे या. ७ नोव्हेंबर १९३३ ला गांधीजींचा हरिजन दौरा सुरू झाला, तेव्हा त्यांनी सेलूत एक मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं केलं होतं. जो प्रश्न आपल्या गावात देवळाच्या दारात होता, तोच दोन वर्षांनी पडद्यावर होता; आणि महाराष्ट्राचा सर्वात लाडका नट, शालू उतरवून, त्या पंगतीत बसला होता.

साडेआठ अंशांत भामिनी हरली असेल. पण ते जेवण मागच्या रांगेतल्या माणसालाही स्वच्छ दिसलं. कारकीर्द मोजताना हेही धरायला नको का?