पत्रांतून दिसणारा वैद्य : जॉन फॉदरगिल आणि क्वेकर विचार

ख्रिस्ती ईशज्ञानाचा इतिहास आपण बहुधा मोठमोठ्या ग्रंथांवरून आणि धर्मपरिषदांच्या ठरावांवरून शिकतो. परंतु ज्या समाजाने कोणताही मतांगीकार बंधनकारक मानला नाही, ज्याच्यापाशी दीक्षित याजक नाहीत आणि ज्याची उपासना पुष्कळदा निःशब्दच पार पडते, त्याच्या विचारांचा माग कोठे काढावा? क्वेकर अथवा ‘मित्रमंडळी’ या समाजाविषयी हा प्रश्न आम्हांस वारंवार पडला आहे. आमच्या माळवा-निमाडकडील वाचकांना होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) व इटारसी येथील फ्रेंड्स मिशनमुळे हे नाव अपरिचित नसावे. या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांस पत्रांत सापडले. लंडनचा वैद्य जॉन फॉदरगिल याने १७३५ ते १७८० या काळात लिहिलेल्या पत्रांतील निवडक पत्रांचा ‘चेन ऑफ फ्रेंडशिप’ हा संग्रह बेट्सी कॉर्नर आणि ख्रिस्तोफर बूथ यांनी संपादून १९७१ साली प्रसिद्ध केला. बूथ हे स्वतः वैद्यकाचे प्राध्यापक होते.

पत्रांवरील तारखाच प्रथम वाचकाला अडवतात. महिन्यांची व वारांची नावे परकीय दैवतांवरून पडली आहेत म्हणून क्वेकर ती उच्चारीत नसत. ‘तिसरा महिना’, ‘पहिला दिवस’ असे लिहीत. त्यातही १७५२ मध्ये इंग्लंडची कालगणना बदलेपर्यंत त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च होय, जानेवारी नव्हे. समोरचा माणूस सरदार असो वा चांभार, संबोधन एकेरीच. आपल्या भाषेत ‘अहो-जाहो’चा केवढा पसारा आहे हे ध्यानी घेतले म्हणजे या हट्टाची किंमत कळते.

फॉदरगिलचा जन्म १७१२ साली यॉर्कशायरमधील वेन्स्लीडेल खोऱ्यात कार एंड येथे झाला. पिता समाजाचा फिरता उपदेशक, अमेरिकेपर्यंत जाऊन आलेला. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या धर्ममतांची कसोटी असल्याने क्वेकर तरुणास ती दारे बंद होती. त्याने ब्रॅडफर्डच्या एका क्वेकर औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली आणि १७३६ मध्ये एडिंबरो येथे वैद्यकाची पदवी घेतली. १७४० पासून तो लंडनमध्ये व्यवसाय करू लागला. घशात व्रण पडून मुले दगावण्याच्या साथीवर त्याने १७४८ मध्ये एक पुस्तिका लिहिली. रक्त काढणे व जुलाब देणे हे त्या काळचे रूढ उपाय या रोगात घातक ठरतात, असे त्याने निरीक्षणावरून दाखविले, आणि या पुस्तिकेने त्याचे नाव झाले. विवाह त्याने केला नाही. बहीण ॲन घर सांभाळी. उत्पन्न मोठे झाले. उन्हाळ्यात तो चेशायरमध्ये विश्रांतीस जाई, तेव्हा आठवड्यातून एक दिवस मिडलविच गावच्या खाणावळीत बसून रोग्यांना विनामूल्य तपाशी.

आता विचाराकडे वळू. जॉर्ज फॉक्सने १६५२ पासून उत्तर इंग्लंडात जे सांगितले त्याचा गाभा योहानाच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात आहे: ख्रिस्त हा प्रत्येक मनुष्याला उजळणारा प्रकाश होय. रॉबर्ट बार्कलेने १६७६ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या ‘अपॉलॉजी’त त्याला शास्त्रीय मांडणी दिली. आत्मा हा मूळ झरा, शास्त्र हे त्यातून निघालेले आणि म्हणून दुय्यम प्रमाण, असे त्याचे म्हणणे. आम्हां याजकांस येथे स्वाभाविक शंका येते. प्रत्येकाच्या अंतरात प्रकाश आहे खरा, पण माझ्या अंतरात बोलतो तो आत्मा की माझा अहंकार, हे ठरवायचे कोणी? अठराव्या शतकातील क्वेकरांवर निवृत्तीवादाचा पगडा होता. स्वतःची इच्छा शांत करून वाट पाहावी, हे त्यांचे वळण. ते जगापासून पाठ फिरवून बसले, असा निष्कर्ष इतिहासकारांनी त्यावरून काढला आहे. फॉदरगिलची पत्रे वाचल्यावर हा निष्कर्ष आम्हांस अपुरा वाटतो. अंतरीचा प्रकाश एकट्याने पारखायचा नसतो, तो बंधूंपुढे ठेवायचा असतो. आणि समुद्रापलीकडील बंधूंपुढे तो पत्रानेच ठेवता येई. लंडनची वार्षिक सभाही दरवर्षी सर्व मंडळ्यांना पत्र धाडी. तिचा चिटणीस मते मोजीत नसे, सभेचा कल ओळखून तो नोंदवीत असे. फॉदरगिलने हे काम केले होते.

याची खरी कसोटी १७५५-५६ मध्ये लागली. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात क्वेकरांचे बहुमत होते. फ्रान्सशी युद्ध पेटले, सीमेवर माणसे मारली जाऊ लागली आणि सरकार संरक्षणासाठी पैसा मागू लागले. शस्त्र न उचलणाऱ्यांनी काय करावे? फॉदरगिलने फिलाडेल्फियाच्या इझ्रायल पेंबर्टन या समाजधुरीणाला जे लिहिले ते आम्हांस या संग्रहातील सर्वांत कठोर पत्र वाटते. इंग्लंडात लोक काय म्हणतात ते त्याने आडपडदा न ठेवता कळविले: जी जबाबदारी पार पाडता येत नाही असे तुम्हीच कबूल करता ती स्वीकारता कशाला? लोकांचे रक्षण करीत नाही, त्यांना स्वतःचे रक्षणही करू देत नाही, मग सांडलेले रक्त कोणाच्या दारी? हा आरोप शत्रूंचा होता. परंतु त्यात तथ्य आहे हे त्याने आपल्याच लोकांना ऐकविले. शपथ सक्तीची करून क्वेकरांना विधिमंडळातून कायमचे घालविण्याचा बेत लंडनमध्ये शिजत होता. क्वेकर शपथ घेत नाहीत, हे सर्वांस ठाऊक होते. फॉदरगिल व त्याच्या सहकाऱ्यांनी मंत्र्यांना भेटून बोलणे केले: कायदा करू नका, आमचे लोक आपण होऊन जागा सोडतील असे आम्ही पाहू. जून १७५६ मध्ये सहा सभासदांनी राजीनामे दिले.

यात तत्त्वनिष्ठा किती आणि व्यवहार किती, हे सांगणे अवघड आहे. सत्ता सोडल्याने सीमेवरचा रक्तपात थांबला नाही. ज्यांनी खुर्ची सोडली नाही असेही पुष्कळ क्वेकर होते. तरीही सत्ता आणि साक्ष यांपैकी एकच राखता येईल अशी वेळ आली असता कोणती सोडावी, हे त्या वैद्याने रोगनिदानाइतक्या स्पष्टपणे सांगितले, असे आम्हांस वाटते.

शास्त्राला दुय्यम म्हणणाऱ्या या समाजातील माणसाने पवित्र शास्त्रासाठी काय केले तेही नोंदविले पाहिजे. अँथनी पर्व्हर हा चांभारकाम शिकलेला, मेंढरे राखलेला क्वेकर स्वतःच्या हिमतीवर हिब्रू शिकला आणि त्याने एकट्याने संपूर्ण बायबल इंग्रजीत आणले. फॉदरगिलने त्याला एक हजार पौंड दिले, छपाईचा खर्चही सोसला, आणि १७६४ मध्ये ते दोन मोठ्या खंडांत निघाले. भाषांतर जड होते, मंडळीत ते रुजले नाही. बार्कलेचे सूत्र कोरडे वाचून क्वेकरांना शास्त्रविन्मुख ठरविणाऱ्यांनी हा हजार पौंडांचा पुरावा विसरू नये. संस्कारांविषयीचे त्यांचे मौन मात्र आम्हांस आजही पटत नाही. भाकर आणि द्राक्षारस ही प्रभूने दिलेली खूण आहे, ती अंतर्मुखतेत विरघळवता येत नाही.

अखेरच्या वर्षांत पुन्हा अमेरिकाच त्याच्या पुढ्यात आली. बेंजामिन फ्रँकलिन हा त्याचा जुना मित्र व रोगी होता. १७५१ मध्ये फ्रँकलिनच्या विजेवरील पत्रांना फॉदरगिलनेच प्रस्तावना लिहिली होती. १७७४-७५ च्या हिवाळ्यात तो, डेव्हिड बार्कले आणि फ्रँकलिन यांनी गुप्तपणे बसून समेटाची कलमे तयार केली. वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथ हा फॉदरगिलचा रोगी असल्याने नाडी पाहण्याच्या निमित्ताने कलमांचा विषय निघे. काहीच साधले नाही. मार्च १७७५ मध्ये फ्रँकलिन परत निघाला आणि एप्रिलमध्ये गोळीबार सुरू झाला. त्यानंतर गरीब क्वेकर मुलांसाठी यॉर्कशायरमध्ये ॲकवर्थची शाळा काढण्यात त्याचे मन रमले. तिच्या बाजूनेही त्याने पत्ररूपानेच लिहिले, आणि १७७९ मध्ये शाळा उघडली. २६ डिसेंबर १७८० रोजी तो लंडनमध्ये वारला. फिलाडेल्फियाच्या मित्रांशी चाळीस वर्षे चाललेल्या पत्रव्यवहाराच्या मधोमध तेव्हा युद्ध उभे होते. तह व्हायला आणखी जवळजवळ तीन वर्षे लागली.